जुन्या टर्बो गाडीला मोठे इंजेक्टर: किती सीसी, कोणते, आणि बसवल्यावर काय काय बदलावं लागतं?

बूस्टगेज

आधी गाडीची माहिती देतो, म्हणजे प्रतिप्रश्न कमी होतील.

२ लिटर, ४ सिलिंडर पेट्रोल, नव्वदच्या दशकातली. टर्बो मोठा बसवलेला आहे, पण बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) सध्या ०.९ बारवर अडवून ठेवलाय. इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे) मूळचेच: ३ बारला ३६० सीसी प्रति मिनिट, मीटरवर २.४ ओहम दाखवतात, बॉनेटखाली रेझिस्टरचा डबा आहे. हवा मोजायला एअरफ्लो मीटर. ईसीयू (इंजिनचा संगणक) मूळचा, चिप बदलून टेबलं लिहिता येतात. पेट्रोल २० टक्के इथेनॉलवालं. लक्ष्य १.२ बार आणि २७० बीएचपीच्या आसपास.

अडचण अशी: ६२०० आरपीएमला लॉगमध्ये पल्स, म्हणजे इंजेक्टर एका वेळी उघडा राहण्याचा काळ, ९.२ मिलिसेकंद दिसतो. एक चक्र १,२०,००० भागिले ६२००, म्हणजे १९.३५ मिलिसेकंद. ड्यूटी, म्हणजे उघडं राहण्याचं प्रमाण, झाली ४७ टक्के. अर्धी क्षमता शिल्लक असताना ६००० च्या पुढे लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे आदर्श) ०.७९ वरून ०.८७ वर का सरकतो? पंप गेलाय असं समजायचं का?

मोजूनमापून

४७ नाही, ९५.

तुमचा ईसीयू बहुधा गटाने फवारतो, म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेरीला एकदा, चक्रात दोनदा. मग भागायचं ६०,००० ला: ६०,००० / ६२०० = ९.६८ मिलिसेकंद. त्यातले ९.२ मिलिसेकंद इंजेक्टर उघडा. बंद व्हायला उरले ०.४८ मिलिसेकंद, तेवढ्यात सुई धड बसतही नाही. इंजेक्टर जवळजवळ सतत उघडा आहे आणि त्यापुढे ईसीयूने कितीही मागितलं तरी देणार कुठून? लीन (पेट्रोल कमी) होण्याचं कारण तिथेच दिसतंय.

खात्री करायची असेल तर वायरिंगचा नकाशा बघा. चार इंजेक्टरना ईसीयूच्या दोनच पिना असतील तर गट नक्की. चार पिना असल्या म्हणून क्रमवार फवारणी असेलच असं मात्र नाही. एका इंजेक्टरवर ऑसिलोस्कोप लावून क्रँकच्या दोन फेऱ्यांत किती पल्स येतात ते मोजा.

पाना_नंबर_दहा

अनुमोदन, पण पंपालाही एवढ्यात सोडू नका. दोन्ही एकदम कमी पडू शकतात. ६००० च्या पुढे रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) प्रेशर बघितलंय का? बूस्ट ०.९ असेल तर रेलवर ३.९ बार हवं. प्रेशर रेग्युलेटरची नळी मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) जोडलेली असते ती त्यासाठीच: बूस्ट जेवढा वाढेल तेवढंच रेलचं प्रेशर वाढायला हवं, म्हणजे इंजेक्टरच्या दोन टोकांतला फरक ३ बारच राहतो. तिथे ३.४ दिसलं तर इंजेक्टर बदलून काही होणार नाही, नवे इंजेक्टरही उपाशीच राहतील.

बूस्टगेज

प्रेशर बघितलं. ६५०० पर्यंत ३.९ वरच राहतं. म्हणजे इंजेक्टरच. हिशेबात चूक माझीच, १,२०,००० डोक्यात पक्कं बसलेलं. आता किती सीसीचे घ्यायचे? ५५० चा सेट सहज मिळतो.

मोजूनमापून

चांगल्या टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण लोडवर प्रति बीएचपी तासाला साधारण ०.६ पाउंड इंधन लागतं.

२७० × ०.६ = १६२ पाउंड प्रति तास. चार इंजेक्टर, म्हणजे प्रत्येकी ४०.५. एक पाउंड प्रति तास म्हणजे पेट्रोलच्या घनतेप्रमाणे १०.२ ते १०.५ सीसी प्रति मिनिट. १०.३ धरू: प्रत्येकी ४१७ सीसी.

आता २० टक्के इथेनॉल. त्याचं हवा-पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७ ऐवजी १३.५ च्या आसपास असतं, त्यामुळे आकारमानाने सुमारे ७ टक्के जास्त लागतं. ४१७ चे झाले ४४६.

५५० च्या इंजेक्टरला हे ८१ टक्के. सगळे इथेच थांबतात आणि "८५ च्या आत आहे, चालेल" म्हणतात. पण ही इंधन प्रत्यक्ष वाहण्याची वेळ झाली. प्रत्येक पल्सला उघडायला लागणारा डेड टाइम यावर चढतो. १४ व्होल्टला ०.९ मिलिसेकंद धरा, तुमच्याकडे चक्रात दोनदा: १.८ / १९.३५ = ९ टक्के. बेरीज ९०. फार झाली.

६५० ला: ६९ + ९ = ७८ टक्के. हा आकडा बरा.

रिले_क्लिक

५५० च घेऊन प्रेशर साडेतीन बार केलं तर? वर्गमूळाचा नियम आहेच: ५५० × √(३.५/३) = ५९४.

पाना_नंबर_दहा

होतं, पण फुकट होत नाही. १.२ बार बूस्टला रेलवर ४.७ बार लागेल. पंपाचा प्रवाह प्रेशर वाढलं की घटतो, आणि नेमका वरच्या टोकाला, जिथे सगळ्यात जास्त हवा असतो. शिवाय जास्त प्रेशरविरुद्ध सुई उघडायला वेळ लागतो, म्हणजे डेड टाइमही वाढतो. विकणाऱ्याने ३.५ बारचा डेड टाइम दिला नसेल तर अंदाजावर काम. थोडी कसर भरून काढायला हा उपाय ठीक, मुख्य उपाय म्हणून नाही.

कोरडा_प्लग

मग सरळ १००० सीसी घ्या ना, पुढेमागे टर्बो अजून मोठा केला तरी परत खर्च नको.

मोजूनमापून

हा सल्ला प्रत्येक धाग्यावर येतो, आणि आयडलिंगचा हिशेब कोणी करत नाही. २ लिटरचं गरम इंजिन ८५० आरपीएमला तासाला साधारण १ लिटर पेट्रोल घेतं असं धरा. इथेनॉलसकट प्रत्येक इंजेक्टरला मिनिटाला ४.५ सीसी. गटाने फवारणी म्हणजे मिनिटाला ८५० पल्स.

३६० ला प्रत्येक पल्समध्ये प्रत्यक्ष वाहण्याची वेळ ०.८८ मिलिसेकंद.
६५० ला ०.४९.
१००० ला ०.३२.

एवढ्या छोट्या पल्सला सुई पूर्ण उघडण्याआधीच परत फिरते. प्रवाह सरळ रेषेत राहत नाही, आणि चारही इंजेक्टर थोडे थोडे वेगळे वागायला लागतात. एक सिलिंडर रिच (पेट्रोल जास्त), शेजारचा लीन, आयडलिंग झुलतं. वाइडबँड (एक्झॉस्टमधला लॅम्बडा मोजणारा सेन्सर) मात्र सरासरी दाखवतो आणि सगळं छान आहे असं वाटतं. ६५० सुद्धा आधुनिक, हलक्या सुईचेच घ्या. जुन्या धाटणीच्या जड सुईच्या इंजेक्टरला गटाच्या फवारणीत ०.४९ झेपणार नाही.

क्रमवार फवारणारा ईसीयू असता तर हेच आकडे दुप्पट झाले असते आणि १००० वरही आयडलिंग जमलं असतं. "अमक्याच्या गाडीत हजार सीसी मस्त चालतात" याचं उत्तर बहुतेक वेळा तिथे असतं.

रिले_क्लिक

रेझिस्टरच्या डब्याबद्दल कोणीच बोललं नाही. सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो.

तुमचे इंजेक्टर कमी ओहमचे आहेत. २.४ ओहमला थेट १४ व्होल्ट दिले तर ५.८ अँपियर जातील आणि ईसीयूतला साधा ट्रान्झिस्टर जळेल. म्हणून कंपनीने मध्ये रेझिस्टर घातले. ६ ओहमचे असतील तर १४ / ८.४ = १.६७ अँपियर.

आजचे बहुतेक नवे इंजेक्टर १२ ओहमचे. ते लावून डबा तसाच ठेवला तर १४ / १८ = ०.७८ अँपियर. इंजेक्टर उघडेल, पण उशिरा, आणि व्होल्टेज पडलं की अजूनच उशिरा. कंपनीचा डेड टाइमचा तक्ता मग निरुपयोगी. डबा काढल्यावर १.१७ अँपियर, म्हणजे ईसीयूला आधीपेक्षा कमीच भार. तेव्हा १२ ओहमचे घ्या आणि डबा बायपास करा. डब्याच्या सॉकेटमध्ये एक वायर सामाईक पॉझिटिव्हची असते, बाकीच्या एकेका इंजेक्टरकडे जातात; त्या सगळ्या सामाईक वायरला जोडायच्या. सोल्डर करा किंवा नीट क्रिंप, वर हीटश्रिंक. नुसतं पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला जोड बॉनेटखालच्या उष्णतेत सुटतो, आणि एक सिलिंडर अधूनमधून मरतो.

उलट प्रकार जास्त धोक्याचा: मूळचे १२ ओहमचे असताना कमी ओहमचे लावणं. टोयोटाच्या २जेझेड-जीटीईमध्येच दोन्ही जाती आहेत, जपानी बाजारासाठी ४४० सीसी जास्त ओहमचे आणि निर्यातीच्या गाड्यांना ५५० सीसी कमी ओहमचे, रेझिस्टरसकट. दिसायला सारखं इंजिन म्हणून नुसते इंजेक्टर उचलून बसवायचे नाहीत. आधी मीटर लावा.

बूस्टगेज

ठीक, ६५० सीसी, १२ ओहम, आधुनिक. विकत घेताना अजून काय बघायचं?

पाना_नंबर_दहा

लांबी, ओ-रिंग, सॉकेट, फवारा. या क्रमाने.

तुमची रेल वरून पुरवठा करणारी आहे का बाजूने, ते आधी. बाजूच्या पुरवठ्याची असेल तर बाजारात पर्याय कमी, बहुधा रेलच बदलावी लागते. वरची असेल तर जुन्या इंजेक्टरची एका ओ-रिंगच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतची लांबी मोजा. नवे आखूड असले तर रेलच्या पायाखालचे स्पेसर कमी करायचे किंवा टोपी जोडायची. रेलचे बोल्ट घट्ट आवळून लांबीचा फरक "बसवून" घ्यायचा नाही. वरची ओ-रिंग बऱ्याच जपानी रेलमध्ये ११ मिलिमीटर, बॉश पद्धतीत १४. इथेनॉलमुळे ओ-रिंग व्हायटॉनच्याच, कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर.

फवारा: सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेल्या हेडला दोन धारांचा इंजेक्टर हवा, एकेक धार एकेका इनटेक व्हॉल्व्हवर. एका जाड धारेचा लावला तर मधल्या भिंतीवर आपटून पेट्रोल ओघळतं. गरम इंजिनात फार जाणवत नाही, सकाळी थंड स्टार्टला जाणवतं. आणि दोन धारांचा घेतला तर तो वाटेल त्या कोनात बसवून चालत नाही, क्लिप किंवा खाच असते ती पाळा.

सेटबरोबर चारही नगांचा मोजलेला प्रवाह आणि ८ ते १६ व्होल्टचा डेड टाइमचा तक्ता मागा. नगांमध्ये २ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. तक्ता देता येत नसेल त्या विक्रेत्याकडचे घेऊ नका, मग किंमत काही असो.

कोरडा_प्लग

चिप लिहिण्याची कटकट टाळायची तर एअरफ्लो मीटरचा सिग्नल कमी करणारा छोटा डबा मिळतो. इंजेक्टर १.८ पट मोठे, सिग्नल तेवढ्याच पटीत कमी. झालं काम.

मोजूनमापून

कृपा करून नको. ईसीयू त्याच सिग्नलवरून लोड ठरवतो, आणि लोडवरून इग्निशनचा अॅडव्हान्स (ठिणगी किती आधी टाकायची ते). सिग्नल ४५ टक्क्यांनी कमी केला की पूर्ण बूस्टवर असताना ईसीयूला वाटतं गाडी निवांत चाललीय. तो क्रूझिंगचा अॅडव्हान्स देतो. १.२ बार बूस्ट आणि क्रूझिंगचा अॅडव्हान्स म्हणजे ठोके, आणि मग पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटते. मिश्रण वाइडबँडवर अगदी बरोबर दिसत असतं, म्हणून कोणाला कळतही नाही.

याच कारणाने चिप लिहितानाही एक खोच आहे. बऱ्याच जुन्या ईसीयूंमध्ये इग्निशनच्या टेबलाचा लोडचा आख म्हणजे हिशेबातला मूळ पल्सच असतो. इंजेक्टरचा स्थिरांक (ईसीयूत लिहिलेला त्याच्या आकाराचा आकडा) ३६०/६५० = ०.५५४ ने गुणून कमी केला की पल्स लहान होतो आणि वाचन टेबलाच्या डावीकडे सरकतं. परिणाम त्या डब्यासारखाच. तेव्हा स्थिरांकाबरोबर इंधन आणि इग्निशन दोन्ही टेबलांचे आखही ०.५५४ ने गुणायचे.

आणि एअरफ्लो मीटरची मर्यादा बघा. २७० बीएचपीला सेकंदाला साधारण २३५ ग्रॅम हवा लागेल. त्याआधीच मीटर ५ व्होल्टला टेकत असेल तर पुढचा सगळा हिशेब आंधळा.

पाना_नंबर_दहा

पंप मोजून घ्यायचा राहिला. गरज: ४४६ × ४ = मिनिटाला १७८४ सीसी, तासाला १०७ लिटर. थोडी शिल्लक धरून ४.२ बारला १३० लिटर हवा. पंपाच्या डब्यावर छापलेला तासाला २५५ लिटरचा आकडा कमी प्रेशरचा असतो, त्यावर जाऊ नका.

इंजिन बंद, बॅटरीला चार्जर, रेग्युलेटरच्या नळीत हातपंपाने १.२ बार हवा द्या, रिटर्नची नळी धातूच्या मापाच्या डब्यात, पंप ३० सेकंद चालवा. १.१ लिटरच्या आसपास आलं पाहिजे. मोकळ्या जागेत, आग विझवायचं सिलिंडर शेजारी ठेवूनच. कमी आलं तर नवा पंप घेण्याआधी पंपाच्या टोकाशी व्होल्टेज मोजा. जुन्या वायरिंगमध्ये एक-दीड व्होल्ट वाटेतच जातो. बॅटरीपासून रिले घालून जाड वायर ओढली की तोच पंप पुरतो, हे बऱ्याचदा होतं.

मोठा पंप बसवलाच तर आयडलिंगला रेग्युलेटरची नळी काढून प्रेशर बघा. ३.० ऐवजी ३.४ दिसलं तर रिटर्न नळी किंवा रेग्युलेटर एवढं पेट्रोल परत सोडू शकत नाही. मग कमी लोडला सगळीकडे रिच राहील आणि दोष इंजेक्टरला मिळेल.

बूस्टगेज

बसवण्याचा क्रम कोणी सांगेल का? रेल आजवर काढलेली नाही.

रिले_क्लिक

पंपाचा रिले काढा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या, वर दोनदा क्रँक. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा. तरीही नळी सोडताना खाली फडकं धराच, थोडं पेट्रोल येतं.

इंजेक्टर ओढण्याआधी त्यांच्या बुंध्याशी हवेचा फवारा मारून वर्षानुवर्षांची माती उडवा. नाहीतर ती सरळ इनटेक व्हॉल्व्हवर पडते. सॉकेटच्या तारेच्या क्लिपा इतक्या जुन्या गाडीत उडून हरवतात, आणि प्लास्टिक काचेसारखं झालेलं असतं. नवे सॉकेट आधीच आणून ठेवा. रेल उचलताना एखादा इंजेक्टर मॅनिफोल्डमध्येच अडकून राहतो, तो गोल फिरवत काढा, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. खालच्या जुन्या रबरी बैठकांचे तुकडे भोकात राहिलेत का ते टॉर्चने बघा.

नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट. सिलिकॉन ग्रीस अजिबात नाही, ऑक्सिजन सेन्सर मारतं. इंजेक्टर आधी रेलमध्ये, मग रेलसकट मॅनिफोल्डमध्ये. बोल्ट आवळल्यावर प्रत्येक इंजेक्टर हाताने थोडा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर तिरका बसलाय किंवा लांबी चुकलीय.

पेट्रोल फिल्टर नवा. जुन्या टाकीचा गंज नव्या इंजेक्टरच्या बारीक जाळीत जायला वेळ लागत नाही.

मग क्रँक न करता किल्ली चार-पाच वेळा ऑन-ऑफ करा, पंप प्रेशर भरेल. प्रत्येक ओ-रिंगभोवती कोरडा टिश्यू फिरवा. नंतर दहा मिनिटं प्रेशर धरून राहतंय का बघा. झपाट्याने पडत असेल आणि बाहेर कुठे ओल नसेल तर क्रँक करू नका, आधी प्लग काढून बघा. एखादा इंजेक्टर उघडाच राहिला असेल तर सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेलं असतं, आणि पेट्रोल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

मोजूनमापून

पहिल्या स्टार्टसाठी: क्रँकिंगचा पल्स बहुतेक ईसीयूंत वेगळ्या टेबलात, थेट मिलिसेकंदांत असतो, स्थिरांक बदलला तरी तो हलत नाही. त्यातून जुना डेड टाइम वजा करा, ०.५५४ ने गुणा, नवा डेड टाइम मिळवा. हे विसरलं की प्लग भिजतात आणि गाडी "इंजेक्टर बदलल्यापासून सुरूच होत नाही". पेडल दाबल्यावरचं जादा इंधनही तसंच.

ट्यूनिंग चालू असताना ऑइलच्या पट्टीचा वास घेत राहा. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वर चढली तर ऑइल बदलूनच बूस्ट द्या.

बूस्टगेज

बसवले. गळती नाही, प्रेशर ३.०, १० मिनिटांनी २.८. स्टार्ट पहिल्या झटक्यात. लॉगचे आकडे:

आयडलिंग, वाहण्याचा पल्स ०.४९: ट्रिम (ईसीयूने स्वतः केलेली इंधनाची दुरुस्ती) +११ टक्के
८० च्या वेगाने क्रूझ, पल्स १.८: ट्रिम +३ टक्के

स्थिरांक वाढवू का?

मोजूनमापून

नाही. टक्के सोडा, मिलिसेकंद काढा. ०.४९ चे ११ टक्के ०.०५४. १.८ चे ३ टक्केही ०.०५४. दोन्हीकडे तूट तेवढीच, म्हणजे डेड टाइम कमी लिहिला गेलाय. स्थिरांक चुकला असता तर दोन्हीकडे टक्केवारी सारखी आली असती.

एक अपवाद. एअरफ्लो मीटरच्या पुढे कुठून हवा गळत असेल तरी आयडलिंगला जास्त आणि क्रूझला कमी असंच चित्र दिसतं. वेगळं ओळखायला आयडलिंगला हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावा आणि व्होल्टेज पाडा. इंजिनवरचा भार थोडा वाढतोच, म्हणून आरपीएम स्थिर झाल्यावर वाचा. हवेच्या गळतीला व्होल्टेजशी देणंघेणं नसतं.

बूस्टगेज

१४.० वरून १२.८ व्होल्ट. ट्रिम +११ वरून +१९.

मोजूनमापून

मग डेड टाइमच, आणि त्याचा उतारही कमी पडतोय. जुन्या वायरिंगमुळे इंजेक्टरशी पोचणारं व्होल्टेज ईसीयू वाचतो त्यापेक्षा कमी असणार, तेही एकदा मोजून घ्या. सध्या १४.० च्या खान्यात ०.०५ मिलिसेकंद वाढवा, १२.८ च्या आसपास ०.०९. त्याखालचे खाने ओढूनताणून सरळ रेषेत भरू नका. कंपनीच्या तक्त्याची वक्र रेषा १० व्होल्टकडे जास्त चढते, तोच आकार ठेवून ती ०.०९ पासून पुढे उचला. क्रँकिंगला व्होल्टेज तिथेच असतं, त्यामुळे नंतर थंड स्टार्ट पुन्हा तपासा. दोन्ही ट्रिम ±३ च्या आत आल्याशिवाय बूस्ट ०.९ च्या वर नेऊ नका.

पाना_नंबर_दहा

आणि १.२ ला जाताना ०.१ च्या पायऱ्यांनी. प्रत्येक पायरीला ड्यूटी ६०,००० भागिले आरपीएम धरूनच काढा.